कोकणच्या वाटेवर पक्ष्यांचे छायाचित्रण : बंदर, फलाट, भातखाचर आणि परसदार

कोकणात पक्ष्यांची छायाचित्रे काढायची म्हटले की बहुतेकांच्या मनात कर्नाळा किंवा फणसाड या अभयारण्यांची नावे येतात आणि त्यासाठी वेगळी सुट्टी, वेगळी गाडी, पहाटेचा गजर असा सगळा घाट घालावा लागेल असे वाटू लागते. प्रत्यक्षात देवदर्शनासाठी गुहागरला, लग्नकार्यासाठी रत्नागिरीला किंवा नातेवाइकांकडे मालवणला निघालेल्या माणसाच्या वाटेत पुष्कळ पक्षी येतात आणि दाट झाडीतल्या पक्ष्यांपेक्षा ते अधिक उजेडात व अधिक जवळून दिसतात. किनारपट्टीवरचे अनेक पक्षी माणसाच्या कामाच्या मागावर असतात, हे त्याचे कारण. जाळे ओढले की मासा वर येतो, शेत नांगरले की किडा उघडा पडतो, बाग शिंपली की ओल्या पाचोळ्यातून गांडुळे बाहेर निघतात. तेव्हा प्रवासात पक्षी शोधत हिंडण्याऐवजी गावात कोणते काम कुठे आणि किती वाजता चालते हे आधी विचारून घ्यावे, तिथे वेळेआधी जाऊन उभे राहावे आणि पक्ष्याला त्याच्या सवयीने येऊ द्यावे, अशी या लेखातली पद्धत आहे. सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो प्रसिद्ध अभ्यास केला, तोदेखील एखाद्या दुर्गम अरण्यात नव्हे, तर अलिबागजवळच्या किहीम गावी, घराच्या परिसरातच केला होता.

तिथी पाहून निघावे

समुद्रकाठच्या पक्ष्यांचा दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर अधिक चालतो. कोकण किनाऱ्यावर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात व प्रत्येक दिवशी त्या सुमारे पाऊण तास पुढे सरकतात. त्यावरून किनाऱ्यावरच्या लोकांनी बसवलेला जुना ठोकताळा असा आहे, की तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते, तर तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. ठिकाण बदलले की वेळ थोडी मागेपुढे होते, खाडीत आत गेल्यावर भरती उशिरा पोहोचते. म्हणून प्रवासाचा दिवस ठरवण्यासाठी हा ठोकताळा वापरावा आणि खडकांवर किंवा खाजणात उतरण्यापूर्वी मात्र त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर पाहून खात्री करावी.

छायाचित्रकाराला या हिशेबाचा उपयोग काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंत, पहाटे ते सकाळी लवकर ओहोटी असते आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पुळणीचा व चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. सूर्य वर येतो तेव्हा पाणी चढू लागलेले असते. चिखले, तुतवार, कोरल हे हिवाळी पाहुणे दूरवर पाण्याच्या कडेला टिपत असतात आणि पाण्याची कड जसजशी वर सरकते तसतसे तेही आपल्या दिशेने सरकत येतात. आपण एका जागी बसून राहिलो तर कोवळ्या उन्हाच्या दोन तासांत तेच पक्षी हळूहळू जवळ येतात. त्यांच्या मागे चालत गेलो तर सारा थवा उडून समोरच्या काठावर जातो. अष्टमीच्या सुमारास याच्या उलट होते. तेव्हा भांगाची भरती असते, चढ-उतार कमी असतो, पहाटे पाणी भरलेले असते आणि थोडाफार चिखल उघडा पडेपर्यंत ऊन डोक्यावर येते. अशा दिवशी पहाटे धक्क्याचे खांब, नांगरलेल्या होड्या आणि पाण्याबाहेर राहिलेले खडक पाहावेत, कारण भरतीने हुसकावलेले पक्षी तिथे दाटीने बसलेले असतात; त्यानंतरची सकाळ शेतात किंवा वाडीत घालवावी.

ऊन आणि वारा

कोकणाचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी समुद्राकडे पाहताना ऊन आपल्या पाठीशी आणि संध्याकाळी डोळ्यांवर असते. संध्याकाळच्या किनाऱ्यावर मिळतात त्या काळ्या आकृती, आणि त्या पिसांच्या तपशिलापेक्षा चोचीच्या वळणाने व पंखांच्या रेषेने उठून दिसतात. एखादेच तसे चित्र हवे असेल तर संध्याकाळ चांगली. पक्षी ओळखता येईल असे चित्र हवे असेल तर मात्र सकाळच.

याला वाऱ्याचीही साथ असते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात. पक्षी उतरताना, घिरट्या घालताना आणि बसलेला असतानाही बहुधा वाऱ्याकडे तोंड करतो. त्यामुळे सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे कुरवांचे (सीगल पक्ष्यांचे) तोंड असते आणि त्या तोंडावर ऊनही असते, तर दुपारी त्याच जागेवरून शेपट्यांचीच छायाचित्रे मिळतात. ज्यांना सकाळी न्याहारी चुकवायची नसते, त्यांनी हा एवढा एक परिच्छेद तरी पुन्हा वाचावा.

साहित्य आणि मांडणी

प्रवासात जे सतत हाताशी राहील तेच साहित्य उपयोगी. साध्या कॅमेऱ्याला ७०–३०० किंवा १००–४०० मिलिमीटरची लेन्स या कामाला पुरते. बंदरावर आणि फेरीबोटीवर पक्षी इतके जवळ असतात की ६०० मिलिमीटरची लेन्स कधीकधी अडचणच होते. ट्रायपॉड घरी ठेवला तरी चालेल. त्याऐवजी एक कापडी पिशवी घ्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर ती तांदळाने अर्धी भरावी. गाडीच्या खिडकीवर, गडग्यावर किंवा पुळणीवर लेन्स टेकवण्यासाठी याहून चांगला आधार नाही. शिवाय दोन मऊ सुती फडकी, एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात.

कॅमेऱ्याची मांडणी निघण्यापूर्वीच करून ठेवावी, कारण एसटीच्या खिडकीतून नीलपंख दिसल्यावर मेन्यू शोधायला वेळ नसतो. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/५०० आणि उडणाऱ्यासाठी १/२००० सेकंद धरावा, छिद्र लेन्सच्या सर्वांत लहान आकड्याजवळ, म्हणजे जास्तीत जास्त उघडे ठेवावे, आयएसओ स्वयंचलित ठेवून त्याला ३२०० किंवा ६४०० ची कमाल मर्यादा घालावी आणि फोकस सतत मागावर राहणारा निवडावा. दाणेदार पण स्पष्ट चित्र स्वीकारावे. हललेले चित्र मागाहून सुधारत नाही.

प्रकाशाच्या मोजणीत किनाऱ्यावर दोन प्रसंग वारंवार येतात. काळ्या खडकावर किंवा ओल्या वाळूवर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा काळोख पाहून चित्र उजळ करतो आणि बगळ्याची पिसे नुसता पांढरा डाग होऊन बसतात. तिथे प्रकाशाची भरपाई उणे २/३ ते उणे १ करावी. उजळ आकाशापुढे घार असेल तर उलट अधिक १ करावी, नाहीतर तिच्या पोटाखालचा रंग काळ्यात बुडतो. पडद्यावर अतिउजळ भाग लुकलुकवणारी सूचना चालू ठेवली की हे लगेच कळते.

मोबाइलवरही हे काम होते, फक्त पक्षी जवळ येईल अशीच जागा निवडावी लागते. मोबाइलची खरी दूरदर्शी लेन्स जेवढी असेल तेवढ्यावरच थांबावे, बोटांनी ताणून मोठे करण्याऐवजी नंतर चित्र कापावे, पक्ष्यावर बोट दाबून फोकस व प्रकाश पक्का करावा आणि लगेच शेजारच्या सूर्यचिन्हावरून प्रकाश थोडा खाली आणावा. मासळीच्या लिलावातला बगळा दोन-तीन हातांवर येतो. त्याला याहून अधिक काही लागत नाही.

बंदर, लिलाव आणि रापण

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हर्णै किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावर जितके पक्षी एका नजरेत मावतात, तितके क्वचितच अन्यत्र दिसतील. होड्या धक्क्याकडे वळल्या की त्यांच्या मागे कुरव येतात, वर घारी फिरतात, डोलकाठीवर ब्राह्मणी घार बसते आणि टोपल्यांच्या मधून बगळे हिंडतात. लिलाव सुरू होण्याआधी पोहोचावे आणि कॅमेरा बाहेर न काढता आधी जागा पाहावी. ऊन कुठून येते, होडी कुठे लागते, मासळी कुठे ओततात आणि टाकाऊ मासे कुठे फेकतात, या चार गोष्टी कळल्या की उभे कुठे राहायचे ते आपोआप ठरते. टाकाऊ माशांची जागा ही सर्वांत फलदायी. वास सोसण्याची तयारी मात्र हवी.

इथे ओळखीच्या दोन खुणा सांगून ठेवतो. साधी घार तपकिरी आणि तिच्या शेपटीला खाच असते. ब्राह्मणी घारीचे डोके व छाती पांढरी, अंग विटकरी आणि शेपटी टोकाशी गोलाकार असते. ब्राह्मणी घारीचे पिल्लू मात्र तपकिरी असते आणि गोंधळात टाकते, तेव्हा शेपटीच पाहावी. हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके तपकिरी नसतेच. ते पांढरे असते आणि डोळ्यामागे फक्त गडद ठिपका असतो. लडाख-तिबेटकडच्या उंच प्रदेशातली विणीची ठिकाणे गाठण्यासाठी तो निघतो तेव्हा, म्हणजे मार्चच्या सुमारास, डोक्यावर तपकिरी रंग चढू लागतो. त्या वेळी एकाच धक्क्यावर पांढऱ्या, चट्ट्यापट्ट्याच्या आणि पुरत्या तपकिरी डोक्यांचे कुरव शेजारी शेजारी मिळू शकतात.

मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याच्या बाजूला रापण लागत असेल तर बाकीचे बेत बाजूला ठेवावेत. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेल्या जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगा ओढत असतात आणि हे काम बराच वेळ चालते. सुरुवातीला पक्षी जवळपास नसतात. माडाच्या शेंड्यांवर एखाद-दुसरी घार काय ती दिसते. दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकू लागल्या आणि जाळ्याचा घेर आवळला की पहिल्यांदा सुरय (टर्न) आणि कुरव घेराच्या बाहेरच्या बाजूने पाण्यावर उतरू लागतात, मग घारी माडावरून सुटतात. पाणी गुडघ्याएवढे राहिले की आतली मासळी उसळते, पृष्ठभाग चकाकतो आणि पुढची काही मिनिटे घारी एकामागून एक सूर मारतात. घार चोचीने मासा धरत नाही. ती पाय पुढे ताणून पृष्ठभागावरून मासा उचलते, दोन-चार पंख मारून उंची घेते आणि उडता उडता मान खाली घालून पंजातला मासा चोचीने तोडते. पाण्याला पाय लागण्याचा क्षण सगळेच टिपायला जातात आणि बहुतेकांचा हुकतो. त्यानंतरची, मान वाकवलेली घार अधिक वेळ मिळते आणि चित्र म्हणूनही ती मला सरस वाटते.

उभे राहण्याची जागा दोरांच्या बाहेर आणि रांगेच्या मागे, जमिनीकडच्या बाजूला असावी. दोन दोरांच्या मध्ये कधीही शिरू नये आणि दोर किंवा जाळे ओलांडू नये. तिथे लोकांचे दिवसाचे पोट असते. एखादी घार निवडून ती दूर असतानाच फोकस धरावा आणि तिच्याबरोबर कमरेतून वळत राहावे. प्रत्येक घारीवर कॅमेरा फिरवणाऱ्याच्या हाती शेवटी नुसते आभाळ लागते. मासळीची वाटणी झाली की गर्दी पांगते, आणि वाळूत राहिलेले बारीक मासे टिपायला छोटे बगळे येतात. या वेळी वाळूवर पालथे पडून लेन्स बगळ्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणावी. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी बोटे असा छोटा बगळा ओल्या वाळूतल्या प्रतिबिंबासकट मिळतो. शेजारच्या खडकावर राखाडी-निळसर अंगाचा समुद्रबगळा असेल तर तोही पाहावा. हा पक्षी गडद आणि पांढरा अशा दोन्ही रंगरूपांत आढळतो.

चित्रात केवळ पक्षी भरावा असा आग्रह बंदरावर तरी धरू नये. स्वच्छ हिरव्या पार्श्वभूमीवरचा खंड्या देशात कुठेही काढता येतो. रंगवलेल्या नाळेच्या होडीला बांधलेल्या नांगराच्या दोरावर बसलेला खंड्या पाहिला की किनारा कोणता हे सांगावे लागत नाही. त्यामुळे मोठी लेन्स काढून ठेवून, जाळी, टोपल्या, कौले यांच्यासकट काही विस्तृत चित्रे जरूर घ्यावीत.

माणसांशी बोलणे हा या कामाचा भाग आहे. मासे विकणाऱ्या बायकांच्या दिशेने न विचारता लेन्स रोखू नये. “मावशी, इथे बाजूला उभा राहून बगळ्याचे फोटो काढू का?” एवढे विचारले की सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट “घारीचो फोटो कित्याक काढतास? ह्या म्हावऱ्याचो काढा!” असे हसून ऐकवले जाते. म्हावऱ्याचाही एक काढावा आणि दाखवावा. बंदराच्या ज्या भागात छायाचित्रणाला बंदीची पाटी असेल तिथे वाद न घालता कॅमेरा पिशवीत ठेवावा.

फेरीबोट

आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ या फेऱ्यांवर गाड्या चढवणारे लोक काचा वर करून आत बसून राहतात, हे पाहून वाईट वाटते. या चारही खाड्या पश्चिमेला समुद्राला मिळतात आणि बोट त्या साधारण उत्तर-दक्षिण ओलांडते. म्हणून सकाळच्या फेरीत समुद्राच्या अंगाला उभे राहावे आणि दुपारनंतरच्या फेरीत खाडीच्या आतल्या अंगाला. दोन्ही वेळा ऊन पाठीशी राहते. कठड्याला कोपर किंवा लेन्स टेकवू नये, कारण इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात उतरते. पाय थोडे फाकून, कोपरे बरगड्यांना चिकटवून उभे राहावे. हिवाळ्यात कुरव बोटीच्या मागे येतात आणि बोटीच्याच वेगाने उडत असल्यामुळे ते जवळजवळ स्थिर भासतात. उडत्या पक्ष्याचा सराव नसलेल्यांनी सुरुवात इथूनच करावी.

कुरवांना गाठी आणि शेव फेकण्याची रीत प्रवाशांमध्ये फार बोकाळली आहे. तळलेले, खारवलेले पीठ हे त्या पक्ष्याचे अन्न नव्हे, आणि छायाचित्रासाठी तर ते कोणीही टाकू नये. प्रोपेलरने ढवळलेल्या पाण्यात त्यांना स्वतःचे खाणे सापडते आणि मासा धरलेल्या कुरवाचे चित्र शेव धरलेल्या कुरवापेक्षा निश्चित चांगले दिसते.

एसटी, रेल्वे आणि महामार्ग

चालत्या वाहनातून काढलेली चित्रे बहुधा निराश करतात. थांब्यांचा उपयोग करावा. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी असल्यामुळे गाड्यांना समोरच्या गाडीसाठी लहान स्थानकांवर थांबावे लागते आणि पॅसेंजरला तर हमखास. त्या वेळात फलाटावरच्या गळक्या नळाकडे पाहावे, तिथे बुलबुल, साळुंक्या आणि चिमण्या पाण्याला येतात. कुंपणाच्या तारेवर वेडा राघू आणि कोतवाल असतात. वातानुकूलित डब्याच्या काचेतून काढायचेच असेल तर लेन्सचे झाकणकडे (हूड) काचेला चिकटवावे आणि आतला दिवा मालवावा, तरी चित्र थोडे मऊ येईल हे गृहीत धरावे. दारात उभे राहून किंवा गजांबाहेर कॅमेरा धरून काढण्याचा मोह टाळावा. मोठी लेन्स घेऊन फलाटावर बराच वेळ थांबायचे असेल तर स्टेशनमास्तरांना आधी सांगितलेले बरे.

एसटी स्थानकाच्या स्लॅबखाली गवत आणि पिसे लाळेने चिकटवून पाकोळ्यांनी केलेली घरटी पुष्कळ ठिकाणी असतात. छपराखालच्या अंधारात त्यांचा वेग पकडता येत नाही. बाहेरून येणारी पाकोळी छपराच्या कडेशी उजेडात असते, त्या कडेवर फोकस ठेवून वाट पाहावी. हिवाळ्यात संध्याकाळी बाजारपेठेतल्या विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा बसतात. तिथे एकेक पक्षी टिपण्याऐवजी तारा, पाट्या आणि दिवे यांच्यासह सगळी रांग घ्यावी.

रस्त्याकडेच्या तारेवरचा नीलपंख हा ऑक्टोबरपासून पुढचे काही महिने हमखास दिसणारा पक्षी. खालून काढला तर पांढुरके आभाळ आणि पोट एवढेच हाती येते. कोकणातल्या घाटवळणांचा इथे फायदा घ्यावा: रस्ता चढून वर गेला की खालच्या वळणावरची तार आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येते आणि मागे आभाळाऐवजी झाडी मिळते. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, सुरक्षित जागी उभी करावी, इंजिन बंद करावे आणि आतच बसून राहावे, कारण गाडीला पक्षी बुजत नाहीत पण दार उघडून उतरणाऱ्या माणसाला बुजतात. नीलपंख जमिनीवरच्या किड्याकडे मान वाकवून पाहू लागला की झेपेची तयारी समजावी. निळ्या पंखांचा पूर्ण विस्तार त्या झेपेतच दिसतो.

शेत, चिरेखाण, मिठागर

पावसाच्या सुरुवातीला नांगरणी किंवा पॉवर टिलर चालू असेल तिथे गायबगळे असतातच आणि विणीच्या हंगामामुळे त्यांच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी छटा आलेली असते. बांधावर बसून टिलर आपल्याकडे येण्याची वाट पाहावी, बगळे मागोमाग येतात. बांधावर मध्येच पाय देऊन तो ढासळवू नये. उन्हाळ्यात तरव्यांची भाजावळ, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन भाजण्याचे काम, चालते तेव्हा आगीपासून पळणारे किडे पकडायला कोतवाल आणि वेडे राघू धुराच्या कडेने झेपा घेतात. वारा आपल्या पाठीवर घेऊन उभे राहावे आणि फोकसचा ठिपका लहान ठेवावा, कारण धुरात कॅमेरा पक्षी सोडून धूरच धरतो.

बंद पडलेल्या चिरेखाणीत साठलेले पाणी हे पक्ष्यांचे पाणवठे झालेले असतात. जांभ्याच्या तांबड्या भिंतीपुढे तारवाली भिंगरी किंवा टिटवी फार उठून दिसते. कडा ठिसूळ असतात, एवढे लक्षात ठेवावे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ठाऊक असलेल्या शिरोड्याच्या मिठागरांसारख्या उथळ, शांत पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या प्रतिबिंबासह मिळतो. मिठागराच्या बांधावर परवानगीनेच जावे.

मुक्कामाच्या घरी

होमस्टेमध्ये उतरल्यावर यजमानांना दोन प्रश्न विचारावेत: बाग किती वाजता शिंपता, आणि सध्या कोणत्या झाडाला फळ किंवा फूल आहे? पोफळीच्या बागेत पाटाने पाणी सोडले की दयाळ आणि नाचरा ओल्या पाचोळ्यावर उतरतात. तिथे ऊन कमी आणि ठिपक्याठिपक्यांचे असते, म्हणून शटर १/२५० पर्यंत उतरवून पक्षी थांबेल त्या क्षणीच बटण दाबावे. जानेवारी ते मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलतात तेव्हा त्यांच्यावर दिवसभर गर्दी असते. एखाद्या गच्चीवरून फुलांच्या पातळीला पोहोचता आले तर याहून सोयीची जागा नाही. उंबर आणि वड फळले की तांबट, हरियाल आणि दक्षिण कोकणात धनेशही येतात. फळलेल्या झाडाखाली न जाता समोरच्या घराच्या ओटीवरून पाहावे, म्हणजे धनेश निवांत खातो. पिंगळ्यावर रात्री फ्लॅश टाकू नये. तो संध्याकाळी उजेड असतानाच ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो.

घरट्यांपासून दूर राहावे, आणि यात सवलत नाही. पहिल्या पावसाबरोबर येणारा नवरंग, ओहोळाच्या किंवा रस्त्याच्या मातीच्या कडेत बीळ करणारा तिबोटी खंड्या, वस्तीजवळच्या आंब्यावर किंवा सुरूवर काट्याकुट्यांचे प्रचंड घरटे बांधणारा समुद्रगरुड या तिघांनाही छायाचित्रकारांच्या गर्दीचा त्रास होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने समुद्रगरुडाच्या घरट्यांच्या पाहणीचे आणि संरक्षणाचे काम केले आहे. घरटे दिसलेच तर त्याची माहिती अशा संस्थेला द्यावी, समाजमाध्यमांवर जागा टाकू नये. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नये, त्यासाठी फांद्या तोडू नयेत, आणि पक्षी वारंवार ओरडत असेल किंवा चोचीत खाणे धरून घरट्यात न जाता ताटकळत असेल तर आपण फार जवळ आहोत असे समजून मागे फिरावे.

संध्याकाळी

किनाऱ्यावरून आल्यावर आधी किंचित ओल्या फडक्याने कॅमेरा व लेन्सचा बाहेरचा भाग पुसावा, म्हणजे मीठ निघते, आणि मग कोरड्या फडक्याने पुसावा. लेन्सच्या काचेवर वाळूचे कण असतील तर फडके लावण्यापूर्वी फुंकणीने उडवावेत. पुळणीवर आणि फेरीबोटीवर लेन्स बदलूच नये. वातानुकूलित खोलीतून सकाळी थेट दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर बाष्प धरते, म्हणून निघण्याच्या अर्धा तास आधी बंद पिशवी ओसरीवर आणून ठेवावी. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये यासाठी सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेऱ्याबरोबर ठेवाव्यात आणि ओल्या झाल्या की वाळवून पुन्हा वापराव्यात.

चित्रे निवडताना डोळा स्पष्ट नसलेली सरळ काढून टाकावीत. राहिलेल्यांना त्याच रात्री गाव, तिथी, भरतीची स्थिती आणि तिथे चाललेले काम यांची नोंद जोडावी. पुढच्या वर्षी त्याच गावी जायची वेळ आली की ही नोंद कोणत्याही पुस्तकापेक्षा कामी येते. नाव ठरत नसेल तर मर्लिन ॲप मदत करते आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी नोंदवली तर ती अभ्यासकांनाही उपयोगी पडते. समाजमाध्यमांवर चित्र टाकण्यापूर्वी त्याला चिकटलेले स्थान काढून टाकावे. शेवटी बॅटऱ्या चार्जिंगला लावाव्यात, कार्ड रिकामे करावे आणि दुसऱ्या दिवशीचा लिलाव किती वाजता आहे ते यजमानांना विचारून झोपावे.